टेबलावर न ठेवलेलं पुस्तक

ताई,

गेल्या आठवड्यातल्या शोकसभेत मी तुमच्याबद्दल चांगलं बोललो आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तुम्हाला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. पेणच्या कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. समोर तुमचा फोटो, निरोपसमारंभातला, त्यात तुम्ही फोटोवाल्यावर वैतागलेल्या दिसता. रोह्याहून येताना मी गाडीत ठरवलं होतं की फार बोलायचं नाही. रोह्याचा ग्रंथपाल पेणच्या ग्रंथपाल बाईंबद्दल काय बोलणार? चार वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. पण माईक हातात आला, समोर तुमचे थोरले भाऊ, दादा, बसलेले दिसले आणि माझं तोंड सुटलं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणालो, कॉलेजसाठी पुस्तकं कशी घ्यावीत हे मला ताईंनी शिकवलं. आधी वाचणाऱ्याला काय हवंय ते ऐकायचं, मग पैसे काढायचे. दोन कॉलेजांची मिळून एवढीशी रक्कम, त्यात आम्ही दोघांनी इतकी वर्षं काढली ती ताईंच्या या रीतीमुळे. जो मागेल त्याला पुस्तक. अगदी रंगवून सांगितलं. दोन-तीन बाया डोळे पुसायला लागल्या, तसा मी आणखीच रंगलो. खाली बसलो तर दादांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

मग संस्थेचे अध्यक्ष उठले. म्हणाले, "मास्तरांनी आत्ता जे सांगितलं तीच खरी श्रद्धांजली. यंदापासून आपल्या दोन्ही कॉलेजांची सगळी पुस्तकखरेदी फक्त मागणीवर. कुणी मागितलं तर पुस्तक येणार, नाही मागितलं तर नाही येणार. एक रुपया वाया जायला नको. आणि या योजनेला मॅडमचं नाव द्यायचं."

लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, ताई. मान डोलावून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. निवृत्त व्हायच्या आधीपासून ज्या गोष्टीवरून तुम्ही माझ्याशी भांडत होतात, तीच गोष्ट तुमच्याच फोटोसमोर तुमच्या नावाने ठरली होती, आणि ती ठरायला निमित्त माझं भाषण.

आपलं ते भांडण कुणाला ठाऊक नव्हतं. आपण दोघं म्हणजे एका विचाराची माणसं असाच सगळ्यांचा समज. तसे होतोही आपण, बराच काळ.

मी रोह्याला नवा लागलो तेव्हा खरेदी म्हणजे काय होतं ते आठवतं ना? प्राध्यापक आपापल्या ओळखीच्या लेखकांची नावं पाठवायचे. मार्च आला की विक्रेत्यांची माणसं बॅगा घेऊन दारात, आणि अनुदान परत जाईल या धाकाने ते जे गळ्यात मारतील ते आम्ही घ्यायचो. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. कपाटं भरत होती. पदवीचा माज होता, टाय लावून बसायचो तेव्हा मी. आणि एक दिवस संस्थेने तुम्हाला माझं ग्रंथालय बघायला पाठवलं.

तुम्ही आलात आणि कपाटातलं पुस्तक काढून थेट शेवटचं पान उघडलंत. तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी. कोरी. दुसरं काढलंत. कोरी. तिसरं. मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, ही अभ्यासाची पुस्तकं आहेत, कपाटाला वजन लागतं."

तुम्ही म्हणालात, "वजनच हवं असेल तर वाळूच्या गोणी ठेव रे. स्वस्त पडतील."

मला इतका राग आला होता. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्याच डब्यातलं वालाचं बिरडं खाल्लंत आणि म्हणालात, "बायकोला सांग, वाल मोड आल्यावर फार वेळ ठेवू नकोस." म्हणजे तिथेही चूक काढलीत. त्या दिवसापासून मी तुम्हाला ताई म्हणायला लागलो. का, ते अजून कळलेलं नाही.

मग महिन्यातून एक शनिवार मी पेणला यायचा हे ठरूनच गेलं. मी रोह्याचे कडवे वाल आणायचे, तुम्ही पोह्याचे पापड तळायचे, आणि मध्ये प्रकाशकांच्या याद्या पसरायच्या. पेणने हे घ्यायचं, रोह्याने ते घ्यायचं, लागेल तसं एकमेकांकडे पाठवायचं. एक प्रत दोन गावांत फिरायची. तुमची एक सवय मी फार उशिरा ओळखली. पोरांना तुम्ही "काय हवंय?" असं विचारत नव्हतात. "आज काय मिळालं नाही?" असं विचारायचात. एसटी स्टँडवर उभ्या राहून पोरींच्या गप्पा ऐकायचात, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, "मधू, त्या बी.कॉम.च्या पोरी एकाच पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स वाचतायत, अक्षर दिसत नाही. आधी ते घेऊ." यादी मग, पोरी आधी. मागणीवर खरेदी, मागणीवर खरेदी असं मी जगभर सांगत फिरलो, ताई, पण त्याची सुरुवात तुमच्या त्या स्टँडवर कान देऊन उभं राहण्यात होती. हे मी शोकसभेत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

बिघडलं ते मी त्यात शिस्त आणली तेव्हा.

ग्रंथपालांच्या एका शिबिरातून मी टेबलांची मोजणी शिकून आलो. घरी नेलेलं पुस्तक रजिस्टरला चढतं, पण ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद कुठे? म्हणून पाटी लावायची: वाचून झालेली पुस्तकं कपाटात ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावीत. संध्याकाळी शिपाई टेबलावरची पुस्तकं उचलतो, कोणतं ते लिहितो आणि मग जागेवर लावतो. वर्षाअखेरीस कळतं की कोणतं पुस्तक चाललं आणि कोणतं नुसतं उभं राहिलं. मी तर खूश झालो. तुम्ही म्हणालात, "आकडे करून काय करणार आहेस?" मी म्हणालो, "समितीला तुमचं मन दाखवता येत नाही, ताई. आकडा दाखवता येतो." तुम्ही हसलात आणि पाटी लावून घेतलीत. आकड्यांनी काम केलं, हेही खरं आहे. त्याच जोरावर आपली रक्कम कापायची राहिली. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "मधू, तू होतास म्हणून." ते वाक्य मी किती दिवस अंगावर शालीसारखं पांघरून हिंडलो.

आणि मग ते रसायनशास्त्राचं पुस्तक. परदेशी, जाडजूड, किंमत ऐकून प्राचार्यांनी चष्मा काढला होता. पेणला एकच प्रत, घरी न देण्याची.

रोह्याला माझ्याकडे धाटावच्या कंपनीतला एक माणूस यायचा. शिफ्ट सुटली की कामाच्या कपड्यातच, मोटरसायकल बाहेर लावून. बाहेरून एम.एस्सी. करत होता. आल्या आल्या दारातूनच आवाज, "साहेब, आलं काय वो पुस्तक?" रोज. नवं घ्यायला पैसे नव्हते. मी पेणच्या मोजणीचे कागद काढले. वर्षभरात ते पुस्तक पेणच्या टेबलावर एकदाही सापडलं नव्हतं. मी तुम्हाला फोन केला की ते इकडे द्या.

तुम्ही म्हणालात, "थांब जरा."

"कशाला?"

"असंच. मला वाटतं कुणीतरी वाचतं ते. बांधणी सैल झालीय."

मला हसूच आलं. म्हणालो, "ताई, बांधणी सैल झाली हा काय पुरावा झाला? पेणची हवा दमट आहे." तुम्ही म्हणालात, "बरं, ने." पुढच्या शनिवारी मी स्वतः ते पिशवीत घालून नेलं. पिशवीचा बंद खांद्याला रुतत होता आणि मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका मुलीला तुम्ही त्या कपाटासमोर उभी बघितलंत. तिने रिकाम्या जागेच्या अलीकडचं-पलीकडचं पुस्तक हलवून बघितलं, मग जाऊन गाइड वाचत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही उठून तिच्याजवळ गेलात. प्रणाली. खाडीकडच्या गावातली, घरचे मिठागरावर कामाला, स्वतः बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तुमचं तिच्याशी झालेलं बोलणं तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की ते मला तुमच्या आवाजात पाठ झालंय.

"काय शोधतेस गो?"

"काय नाय, मॅडम."

"ते जाडं पुस्तक?"

"व्हय. इथं व्हतं. नेलं वाटतं."

"वाचायचीस तू?"

"रोज. कॉलेज सुटल्यावर बस येईपर्यंत. हितंच उभं राहून."

"मग टेबलावर का नाही गो ठेवायचीस? पाटी नाही वाचलीस?"

"वाचली. पन धर्मामामांनी उचलायचं नि मी ठेवून जायचं? नाय वो, मॅडम. मामा आमच्या गावचे. आईचे भाऊ लागतात. त्यांचे गुडघे बघता ना तुमी?"

धर्मामामा तुमच्या ग्रंथालयाचे शिपाई. त्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या निम्म्या मुलींचे कोणी ना कोणी लागणारे. घरी ज्या पोरीने कधी आपलं उष्टं ताट दुसऱ्याने उचलायला ठेवलं नाही, ती आपल्या मामाला उचलायला पुस्तक ठेवून जाईल? जात नव्हती. कोणीच जात नव्हत्या. वाचायच्या, जागेवर नीट ठेवायच्या आणि जायच्या. मामाही बिचारे टेबलावर जे असेल तेवढंच लिहायचे. टेबलं भरलेली दिसायची ती गावातल्या, बाजारपेठेतल्या मुलांची. आपण दोघं जन्मभर याच मुलुखात राहिलो, याच लोकांच्या पंगतीत जेवलो, आणि हे आपल्या डोक्यात आलं नाही. शिबिरातल्या माणसाच्या नसेल आलं. आपल्या यायला हवं होतं.

तुम्ही तिला विचारलंत, "मग पुस्तक गेल्यावर मागितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "हाय तर वाचलं, नाय तर नाय. आपलं थोडंच व्हतं?"

त्या संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा तुमचा आवाज वेगळाच होता. तुम्ही म्हणालात, पुस्तक परत पाठव. मी म्हणालो, धाटावच्या माणसाची परीक्षा तोंडावर आहे. तुम्ही म्हणालात, तिचीही आहे. आणि मी काय म्हणालो? "तिला रीतसर मागणी द्यायला सांगा. आली की बघू."

हे मी बोललो, ताई. तुमची रीत मी तुमच्याच तोंडावर फेकली. तुम्ही तिला सांगूनही बघितलंत. ती म्हणाली, "कुनाचं काढून मला नको." विषय संपला. माझ्यासाठी संपला.

तो धाटावचा माणूस पास झाला. कंपनीच्या लॅबमध्ये लागला, पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडायला लागला. त्यातले पेढे मी शनिवारी तुमच्याकडे आणले, आणि खरं सांगतो, भांडण जिंकल्याच्या ऐटीत आणले. तुम्ही एक तोंडात टाकलात. म्हणालात, "त्याची गरजही खरीच आहे रे. खोटी असती तर बरं झालं असतं." प्रणालीही पास झाली. पुढे शिकली नाही. वर्षा-दीड वर्षाने ती तुम्हाला स्टँडवर भेटली, डोलवीच्या कारखान्यात एका कंत्राटदाराकडे गेटपास करायच्या कामाला होती. तुम्हाला बघून लाजली आणि तुमच्या हातातली पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आली. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा मी ताडकन म्हणालो, एका पुस्तकाने कुणाचं काही अडत नाही. तुम्ही म्हणालात, "नाही अडत. घरचं असेल, पैशाचं असेल, तिला नकोही असेल शिकायला. मला माहीत नाही. तुलाही नाही. पण ती वाचत होती तेवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं होतं."

तिथून पुढे आपला प्रत्येक शनिवार त्याच गोष्टीवर यायचा. तुमचं म्हणणं, खरेदीतला काही हिस्सा कुणीही न मागता घ्यायचा. कपाटांमधून फिरायचं, कोण कुठे उभं राहतं बघायचं, कोणती बांधणी सैल झालीय बघायची आणि घ्यायचं. मी उखडायचो. म्हणायचो, म्हणजे पुन्हा ग्रंथपालाची मर्जी! पूर्वी प्राध्यापकांची होती, आता आपली. फरक काय?

"फरक एवढाच की मी तिथे उभी असते."

"आणि तुमच्यानंतर जो येईल तो उभा राहील कशावरून?"

माझा प्रश्न बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण तो प्रश्न मी तुम्हाला गप्प करायला वापरला, एवढंच. त्याच वर्षीच्या अहवालात मी लिहिलं, जे कुणी मागितलं नाही ते विकत घेण्याचं कारण नाही. अध्यक्षांना ते वाक्य फार आवडलं. तुम्हीही ते वाचलंत. त्या शनिवारी पापड पुढे ठेवलेत, याद्या नाही.

तुम्ही निवृत्त झालात. शनिवार बंद झाले, फोन चालू राहिले. तुमचं दुखणं वाढलं तेव्हा शेवटच्या एका फोनवर तब्येतीचं बोलून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "रोह्याला बघितलंस का रे, तुझ्याकडे पुस्तक जागच्या जागी ठेवणाऱ्या किती आहेत ते?"

मी म्हणालो, "बघतो, ताई."

बघितलं नव्हतं. बघायला एक दुपार पुरली असती. आणि न बघता तुमच्यासमोर यायचं कसं, म्हणून तुम्ही अंथरुणावर असताना मी पेणला आलो नाही. लोकांना सांगितलं की परीक्षा चालू आहेत. घरी सांगितलं की ताईंना माणसं आलेली सोसत नाहीत. रोह्याहून पेण असं किती लांब आहे? वाल द्यायला दर महिन्याला येत होतोच ना मी. तुम्ही वाट बघितली असेल का, हा विचार मनात आला की मला बसवत नाही. नसेल बघितली तर ते आणखी वाईट.

शोकसभेनंतर मात्र बघितलं. दुसऱ्या दिवशी काउंटर सोडला आणि दुपारभर कपाटांच्या आडोशाला उभा राहिलो. आमचे शिपाई मला विचारून गेले, "सर, बरं नाय का वाटत?" खांब गावाहून येणारी एक मुलगी अर्थशास्त्राचं पुस्तक उभ्यानेच वाचत होती. वाचून झाल्यावर जागेवर ठेवलं, आणि तळहाताने ती सगळी ओळ दाबून सरळ केली. त्या ओळी सरळ दिसतात म्हणून मी आजवर शिपायांचं कौतुक करत आलो होतो. नंतर आणखी एक आली, मग एक मुलगा. मोजायला बोट उचललं आणि माझीच मला लाज वाटली. त्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाचा मोजणीतला आकडा शून्य आहे. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती घ्यायची नाही, असा शेरा त्यावर आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

काल समितीची बैठक होती. योजना पक्की करायला.

मी बोललो, ताई. या खेपेला रंगवून नाही, अडखळत बोललो. म्हणालो, थोडा हिस्सा बाजूला ठेवू, न मागणाऱ्यांसाठी. अध्यक्षांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. "मास्तर, जे कुणी मागितलंच नाही ते घ्यायला कारण काय? तुम्हीच लिहिलंयत की हे." कुणीतरी तो जुना अहवालही काढून दिला. मग मी प्रणालीची गोष्ट सांगितली. सगळी. पिशवीतून पुस्तक कुणी नेलं तेही. ऐकून घेतलं सगळ्यांनी. पेणच्या प्राचार्यांनी विचारलं, "आता काय करते ती?" म्हणालो, डोलवीला, गेटपासच्या ऑफिसात. ते म्हणाले, "म्हणजे नोकरीला लागली. छान झालं की." आणि पान उलटलं.

मी आणखी थोडा भांडलो. तुमच्यासारखं शांतपणे भांडता येत नाही मला, आवाज चढला. मग अध्यक्षांचाही चढला. हिस्सा-बिस्सा काही ठेवायचा नाही, सगळी खरेदी मोबाइलवरून मागणी येईल तशी, आणि बसून वाचलेल्या पुस्तकांसाठी टेबलांची मोजणी, दोन्ही कॉलेजांत, असं ठरलं. मी हरलो. तुम्ही कधी हरत नव्हतात असं नाही, पण तुम्ही हरलात की पुढच्या शनिवारी पुन्हा तोच विषय काढायचात. मला पुढचा शनिवार नाही.

शेवटी नावाचा विषय आला. पाटीवर तुमचं पूर्ण नाव, दोन्ही ग्रंथालयांच्या दारात. मी म्हणालो, "ताईंचं नाव नको."

अध्यक्ष म्हणाले, "का?"

मी म्हणालो, "त्यांना हे पटत नव्हतं."

"अहो, परवा तर तुम्हीच..."

"परवा मी चुकीचं बोललो."

रोह्याचे आमचे प्राचार्य हसत म्हणाले, "मग सरांचंच नाव देऊ या. नाहीतरी सगळं यांनीच उभं केलंय." त्यांनी थट्टेत म्हटलं होतं. मी म्हणालो, "द्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरा मला कळत होत्या. बाई जाऊन महिना नाही झाला आणि याला नाव पाहिजे. नको म्हणून मी सावरून घेऊ शकलो असतो. पण योजना बिननावाची राहिली असती तर वर्षभराने कुणीतरी पुन्हा तुमचंच नाव काढलं असतं. ती योजना माझी आहे, ताई. मोजणी माझी, पाटी माझी, अहवालातलं वाक्य माझं. म्हणून म्हणालो, द्या. ठराव झाला.

रात्री दादांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तिला तुमचं फार कौतुक होतं हो. मधू असा, मधू तसा. मला वाटलं होतं, तुम्हालाही तिचं असेल." मी म्हणालो, "दादा, आहे." ते म्हणाले, "असू दे आता," आणि फोन ठेवला.

त्यांना परत फोन करून खरं काय ते सांगता येईल. सांगितलं की ते विरघळतील, कदाचित माफीही मागतील, आणि तुमच्या घरात मी मोठ्या मनाचा माणूस म्हणून ओळखला जाईन. तेवढा मी नाही. आजारपणात तुम्हाला बघायला आलो नाही तो माणूस मी आहे. म्हणून फोन केलेला नाही.

पुढच्या आठवड्यात पाट्या लागतील. पोरी येतील, उभ्या राहून वाचतील, पुस्तक जागेवर ठेवून हाताने ओळ सरळ करतील आणि बस पकडायला जातील. संध्याकाळी ते पुस्तक कुणीच वाचलं नाही असं ठरेल. माझ्या नावाने ठरेल, ताई. तुमच्या नाही.